शेवटी येणारी नावं

कपाट उघडताच बॉक्स धडाधड खाली आले. केतकी दचकून मागे सरकली.

बाबांची कंबर धरली होती, म्हणून ती शेकायची पिशवी शोधत होती. पायाशी मात्र पडल्या होत्या डिस्क. झाकणांवर मोठ्या डोळ्यांची मुलं, उडणारी जहाजं, जपानी अक्षरं. अ‍ॅनिमे. वीसेक बॉक्स तरी असतील, आणि प्रत्येकावर अर्ध्या किमतीचं पिवळं लेबल.

तिचा विश्वास बसेना. हे दिगंबर खांबेट्यांचं कपाट होतं. बँकेतून निवृत्त झालेले, बातम्यांपलीकडे टीव्ही न बघणारे तिचे बाबा. अकरा वर्षांपूर्वी बागबाजारच्या याच घरात ते तिच्या धाकट्या भावावर ओरडले होते. तन्मयने चांगली नोकरी सोडली होती. त्याला जपानला जाऊन अ‍ॅनिमेसाठी चित्रं काढायची होती.

"कार्टून काढायला जातोयस ना? मग जा. मला फोन करू नकोस."

तन्मय गेला. त्याने बाबांना फोन केला नाही. आई त्याआधीच वारली होती, त्यामुळे मधे पडणारं कोणी नव्हतं. तो केतकीला भाऊबीजेला फोन करायचा. ती विचारायची, बरा आहेस ना, जेवतोस ना वेळेवर. घरात त्याचं नाव निघत नसे.

केतकी दोन बॉक्स हातात घेऊन बाहेरच्या खोलीत आली. बाबा पलंगावर आडवे होते. बॉक्स बघून ते उठून बसले. कमरेतून कळ आली असणार, पण चेहऱ्यावर दिसली ती चोरी पकडली गेल्याची लाज.

"बाबा, हे काय आहे?"

"चांदनी बाजारातला एक बंगाली दुकानदार आणून देतो. म्हणतो, दादू, आता डिस्क घेणारे तुम्हीच उरलात."

"पण कशाला? हे सगळं मोबाईलवर दिसतं की."

"मोबाईलवर शेवट दाखवत नाहीत."

केतकीला काही कळलं नाही. बाबांनी रिमोट मागितला. टीव्हीखालच्या खणात एक जुना प्लेअर होता, तोही तिने आज पहिल्यांदा पाहिला. त्यांनी डिस्क लावली आणि भराभर पुढे नेली. गोष्ट, माणसं, लढाया सगळं पळत गेलं. भाग संपला. काळ्या पडद्यावर नावं वर सरकू लागली. बाबांनी चष्मा लावला आणि बरोबर एका जागी चित्र थांबवलं.

"ही चार अक्षरं. ता, न, मा, इ." त्यांचं बोट पडद्याला टेकलं. "तन्मय. ओळीत सत्ताविसावा. मोबाईलवर इथे यायच्या आतच पुढचा भाग सुरू होतो. वाचूच देत नाहीत."

केतकी खाली बसली. "तुम्ही जपानी शिकलात?"

"एवढंच शिकलो."

जाताना तन्मयने स्टुडिओचं नाव सांगितलं होतं. बाबांनी ते चिठ्ठीवर लिहून दुकानदाराला दिलं होतं. त्या स्टुडिओचं जे येईल ते आणायचं. दहा वर्षं ते हेच करत होते. एकही गोष्ट त्यांनी पाहिली नव्हती. फक्त नावं.

मग त्यांनी उशाखालून एक बॉक्स काढला. नवा होता, एका कोपऱ्यात चेपलेला. त्यांचा आवाज एकदम उतरला.

"यात नाही."

"काय नाही?"

"त्याचं नाव. बाराही भाग तपासले. तीन-तीनदा. प्रत्येक ओळ." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "केतकी, तो बरा आहे ना? तू माझ्यापासून काही लपवत नाहीस ना?"

भाऊबीज होऊन सात महिने झाले होते. मधे एकदा तन्मयचा फोन आला होता. मोठं काम संपवलं, असं काहीसं सांगत होता. ती न्यू टाउनच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होती. नंतर करते म्हणाली, आणि राहून गेलं.

तिने बाबांच्या हातून बॉक्स घेतला. झाकणावरचं दीपगृह आणि होडीतली मुलगी तिच्या ओळखीची होती. ही मालिका तिने पाहिली होती. रोज ऑफिसला जाता-येता, मोबाईलवर. ऑफिसात चौघांना सांगितलंही होतं, नक्की बघा म्हणून.

"बाबा, एकदा सुरुवातीपासून बघू या."

"सुरुवातीला गाणं असतं नुसतं."

तरी तिने डिस्क लावली. गाणं सुरू झालं. होडी लाटांवर आली. एक नाव उमटलं, विरलं. दुसरं उमटलं. गाणं संपता संपता दीपगृहाचा दिवा लागला, सगळा पडदा उजळला आणि मधोमध एकच नाव आलं.

बाबांनी कंबर विसरून झेप घेतली. "ता," ते म्हणाले. "न. मा..."

खाली इंग्रजीत बारीक अक्षरं होती. केतकीने ती दोनदा वाचली.

"दिग्दर्शक, बाबा. तन्मय खांबेटे. ही मालिका त्याची आहे. सगळी."

बाबा पडद्यासमोर तसेच उभे राहिले. बाराही भाग केतकीने पाहिले होते. बाराही वेळा गाणं सुरू होताच तिने अंगठ्याने ते पुढे ढकललं होतं. भावाचं नाव बारा वेळा तिच्या हातातून गेलं होतं.

"फोन लाव त्याला," बाबा म्हणाले.

तिने मोबाईल उचलला आणि थांबली. सकाळचे अकरा वाजले होते. जपान पुढे की मागे, किती तास, तिला आठवेना. ती बोटांवर मोजू लागली.

बाबांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तिकडे अडीच वाजलेत," ते म्हणाले. "जेवण झालं असेल त्याचं."