मुलींचं बरोबर होतं

"सांगायलाच हवं!" नववीच्या मुलींचा संघ म्हणाला. "उरलेले दिवस सुखात जाऊ द्या की," मुलांच्या संघाने टोला हाणला.

वडिलांना त्यांचा असाध्य आजार सांगावा का, हा प्रश्न शालेय नीतिचर्चा स्पर्धेसाठी त्यांच्या शिक्षिकेने, वृषालीनेच काढला होता. समोरच्याचं पटलं तर कबूल करायचं, त्याला जादा गुण, हा नियमही तिचाच.

झालं! मुलींना मुलांचं पटलं, मुलांना मुलींचं. बाजू बदलून दोन्ही संघ पुन्हा तावातावाने भांडू लागले. परीक्षक चक्रावले. "मॅडम, बरोबर उत्तर कुठलं?"

तिला ठाऊक असतं, तर डॉक्टरांचं निदान बाबांना सांगू की नको करत ती अशी घुटमळली असती का?

बाबा पहिल्याच रांगेत बसून ऐकत होते. परतताना रिक्षात त्यांनी तिचा हात धरला. "मुलींचं बरोबर होतं बघ."

आधीचं की नंतरचं, हे विचारायला तिची जीभ रेटेना.