पाचवी खुर्ची

"पाच जण लागतात, आलेत चौघे. कोरम नाही, बैठक रद्द!" वॉर्डाच्या घरकुल सल्लागार समितीचे अध्यक्ष सलग सातव्या महिन्यात म्हणाले.

पिशवीत संसार घेऊन फिरणाऱ्या कौसाबाई अर्जासह दारातच बसल्या होत्या. "मग मला घ्या की पाचवी!"

अध्यक्षांनी त्यांना तिथल्या तिथे सदस्य केलं. बाईंनी अंगठा उठवला आणि खुर्चीत बसल्या. पहिलाच अर्ज त्यांचा निघाला.

सचिवांनी नियम वाचला, "समितीच्या सदस्याला घरकुल मिळत नाही."

"मग माझं नाव काढा."

"काढलं तर कोरम तुटेल, मावशी. अर्ज घेताच येणार नाही."

"म्हणजे मी उठायचं नाही?"

"अजिबात नाही!"

कौसाबाईंनी चपला काढल्या, समोरच्या खुर्चीवर पाय पसरले आणि पिशवीतली चादर पांघरली.

"नाही उठत. तो पंखा तेवढा वाढवा."