सुताची राख

ग्लेनिस मागच्या दाराने आत आली, तशी ब्रॉनीने हातातलं शिवण झटकन चादरीखाली सारलं.

"लपवतेस काय? मी काय नक्कल करणार आहे?" ग्लेनिस हसून म्हणाली. हसू ओठांपुरतंच होतं.

"छे हो. नुसता पसारा पडलाय. बसा, चहा टाकते."

ग्लेनिसने खजुराचा केक टेबलावर ठेवला. केक म्हणजे निमित्त. खरी आली होती ती नजर टाकायला.

दर ईस्टरला वॉरनबी गावात सोन्याच्या खाणींच्या दिवसांचा उत्सव भरायचा. मुली दीडशे वर्षांपूर्वीच्या धाटणीचे घेरदार ड्रेस घालून मिरवायच्या, आणि सगळ्यांत सुबक ड्रेस जिचा, ती पहिल्या घोडागाडीत बसायची. ड्रेस घरीच शिवायचा, तोही हाताने. दोरा सुती नाहीतर रेशमी, तेव्हा मिळायचा तसा. गेली पाच वर्षं त्या गाडीत ग्लेनिसची नात टिली बसत होती. गाडीत टिली बसायची, पण मान ताठ व्हायची ग्लेनिसची.

आणि मग ही ब्रॉनी गावात राहायला आली. गेल्या वर्षी तिच्या लेकीच्या, ईडीच्या ड्रेसवरच्या चुण्या बघायला परीक्षक डॉटने दोनदा चष्मा पुसला होता. यंदा ईडीचा ड्रेस निळा आहे, अशी बातमी होती. ग्लेनिसने शिवलेला टिलीचाही निळाच. ग्लेनिसला ते कळल्यापासून अन्न गोड लागत नव्हतं.

त्याहून झोंबत होतं ते वेगळंच. शाळा सुटली की टिली हल्ली आजीकडे यायची नाही, ईडीकडे पळायची. या आठवड्यात तर रोज. 'ब्रॉनी मला सुई धरू देते, ब्रॉनी ओरडत नाही.' ब्रॉनी, ब्रॉनी, ब्रॉनी. रक्ताची नात, आणि गोडवे परकीचे.

"टिलीचा हात चांगला बसतोय हं," चहा ओतता ओतता ब्रॉनी म्हणाली. "फक्त तुम्हाला जरा घाबरते."

"धाक असावा गं. त्याशिवाय पोरं वळणावर येत नाहीत."

खोटं नव्हतं ते. गेल्या वर्षी टिलीने बाहीवर जाम सांडला, तेव्हा ग्लेनिस तीन दिवस तिच्याशी बोलली नव्हती. पण पोरगी सुधारली की नाही? या रविवारी मिरवणुकीची तालीम झाल्यावर तिने स्वतःहून ड्रेस पिशवीत घातला आणि 'मी सांभाळते, नॅन' असं आजीला म्हणत आपल्या घरी घेऊन गेली.

"थांब, दोरा चिकटलाय." ग्लेनिसने ब्रॉनीच्या बाहीवरून एक निळा दोरा उचलला. तो बोटाला गुंडाळला आणि बोलता बोलता पर्समध्ये टाकला.

घरी येऊन तिने बशी घेतली आणि काडी पेटवली. दोऱ्याची जात आगीतच कळते, हे तिला आईने शिकवलं होतं. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टरचा आक्रसतो, वितळतो आणि त्याची टणक गोळी होते.

दोरा आक्रसला. बशीत मोहरीएवढी काळी गोळी उरली.

ग्लेनिसने ती गोळी नखाने टकटक वाजवून पाहिली. इतका आनंद तिला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

शनिवारी सकाळी गावच्या हॉलमध्ये सात मुली बाकांवर ओळीने उभ्या होत्या. टिली आईबरोबर घरूनच नटून आली होती आणि आजीकडे बघत नव्हती. ईडीचा ड्रेस खरोखरच देखणा होता. ग्लेनिसला तो बघवेना. डॉट एकेक घेर उलटून टाके बघत होती आणि ईडीपाशी जरा जास्तच रेंगाळली.

"डॉट," ग्लेनिस सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नियमात सुती नाहीतर रेशमी दोरा लिहिलाय. नुसतं बघून कसं कळणार? जाळून बघ."

"अगं, इतक्या वर्षांत कुणी जाळला नाही."

"म्हणूनच काहींचं फावतं."

ब्रॉनी खुर्चीतून उठली. तिचा चेहरा उतरला होता. "ग्लेनिस, राहू द्या ना. पोरींचा सणाचा दिवस आहे. माझी हवी तर माघार समजा."

चोराच्या मनात चांदणं, ग्लेनिस मनात म्हणाली. "माघार कशाला? नियम सगळ्यांना सारखा. डॉट, माझ्यापासूनच सुरुवात कर, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको."

"नॅन, नको ना," टिली पुटपुटली.

"तू सरळ उभी राहा."

डॉटने सुस्कारा सोडला, कात्री घेतली आणि टिलीच्या मागे वाकली. "इथे घेराच्या कडेला एक टोक वर आलंय, तेच घेते." तिने ते चिमट्यात धरलं आणि बशीवर काडी पेटवली.

ग्लेनिस दोऱ्याकडे बघतच नव्हती. ती ब्रॉनीच्या तोंडाकडे बघत होती. ब्रॉनीने डोळे मिटून घेतले होते.

"ग्लेनिस," डॉट हळूच म्हणाली.

बशीत मोहरीएवढी काळी गोळी होती.

टिलीने बाकावरून उडी टाकली. आजीच्या शेजारून ती धावत गेली आणि ब्रॉनीच्या कमरेला मिठी मारून हुंदके देत म्हणाली, "तू म्हणालेलीस ना, शिवल्यावर फाटलेलं नॅनला कळणारसुद्धा नाही."