पहिला बुडबुडा

"सूनबाई, बुडबुडे आले का गं?" आतल्या खोलीतून अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांनी पुन्हा विचारलं. "येतीलच हं, बाबा!" ती म्हणाली खरी, पण तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांच्याशिवाय बियर करायची तिची पहिलीच वेळ. बार्ली आणि हॉप्सच्या कडू फुलांच्या काढ्याचं पिंप बाहेरून गार लागलं म्हणून तिने काल त्यात यीस्ट ओतलं होतं. पण आत काढा कढतच होता. यीस्ट जिवंत असलं की जिच्यात बुडबुडे येतात, ती झाकणावरची काचेची नळी कालपासून निपचित होती. सासऱ्यांनी तरुणपणापासून लेकरासारखं जगवलेलं, एका खेपेतून दुसऱ्या खेपेत नेलेलं यीस्ट तिच्या हातून मेलं होतं. देव पाण्यात घालून ती नळीपुढे बसली. तेवढ्यात सासूबाईंनी येऊन तिच्या हातात बरणी ठेवली. तळाशी यीस्टचा जिवंत गाळ फसफसत होता. "दरवेळी चमचाभर बाजूला काढते मी." "बाबांना काय सांगू?" "काही नको. त्यांच्याही हातून तीनदा मेलंय. त्यांना कुठे ठाऊक!"