शेवटच्या पानाची दुरुस्ती

नारायण पेठेतल्या त्या कॉमिक्सच्या कचेरीत संपादक पोंक्षे म्हणतील तेच व्हायचं. त्यांनी लेखक रंगरावांच्या राक्षसाला शाकाहारी केलं, नायकाची मिशी उडवली. रंगराव मुकाट्यानं बदलून देत. बायको गेल्यानंतर मात्र त्यांनी पहिल्यांदाच मनातलं काही लिहून आणलं होतं.

पोंक्ष्यांनी शेवटच्या पानावर लाल फुली मारली. "अहो रंगराव, नायकाची बायको हॉस्पिटलात मरते? चालणार नाही. तिला उठवून बसवा."

"साहेब, त्या दुखण्यातून माणूस उठत नाही. माझी शालू नाही उठली."

"न उठायला काय झालं? मी सांगतोय ना!"

रंगरावांनी शांतपणे कागद गोळा केले.

"चुकलंच आमचं. शालूच्या वेळी डॉक्टरांऐवजी तुम्हालाच बोलवायला हवं होतं."