मेलातीचं जेवण

उंदीर हातानंच द्यायचा, चिमट्यानं नाही, हे दर्सोनोनं निघताना चौथ्यांदा सांगितलं.

"लोखंड बघितलं की ती बिथरते," तो म्हणाला. "माणसाचा हात ओळखीचा व्हायला हवा."

लस्मिनीनं मान हलवली. मेलाती म्हणजे मोगरा. नाव मोगऱ्याचं आणि अजगर साडेपाच मीटरचा. मागच्या खोलीत जाळीआड पसरायची तेव्हा तोंड कुठं नि शेपूट कुठं हे शोधायला दिवा न्यावा लागायचा. लग्न होऊन नऊ वर्षं झाली, लस्मिनीनं त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. आणि आता दर्सोनो सात आठवड्यांसाठी समुद्रापलीकडे लाकडाच्या कामावर चालला होता.

"डोळे दुधाळ दिसले तर कात टाकतेय समज, तेव्हा काही देऊ नको. उंदीर खाल्ला नाही तर काढून घे. रात्रभर आत राहिला तर तोच तिला कुरतडतो. आणि देण्याआधी उंदीर जरा मांडीवर घेऊन बस. उंदरांच्या पिंजऱ्यातला भुसा हाताला, झंपरला चोळ. वासावरून ती आपलं माणूस ओळखते. मग जाळीच्या आत जायचं, दार लावून घ्यायचं. एकटीनं. घरात दुसरं कुणी असलं की बुजते ती."

"नि किती दिवसांनी?"

"पंधरा. जरा भुकेली ठेव, म्हणजे तुला बघून खूश होईल."

"मला बघून आजवर कुणी खूश झालं नाही, आता ही होणार."

दर्सोनो हसला. वर्षभरात तो तिच्याशी इतकं समजावून बोलला नव्हता. तिला बरं वाटलं.

पण जमलं काही नाही. पहिल्याच खेपेला, उंदीर मांडीवर घ्यायच्या नुसत्या विचारानं तिला मळमळलं. शेवटी मासे भाजायचा लांब चिमटा घेतला, उंदराला शेपटीच्या बुडाशी धरलं, जाळीचं दार वीतभर उघडलं, आत सोडला आणि दार लावून जाळीतून बघत बसली. मेलातीनं विळखा घातला. एकदा चिं झालं, मग तेही नाही. लस्मिनीनं साबणानं तीनदा हात धुतले. दुसऱ्या खेपेलाही तसंच. नवरा एवढ्या विश्वासानं सोपवून गेला आणि आपण चोरी करतोय, हे तिला टोचत राहिलं.

गल्लीत फोन एकच, शेजारच्या तुमिनीकडे. दर्सोनोचा दोनदा आला.

"मला हाक मारायची ना," लस्मिनी म्हणाली.

"म्हटलं मी. तर म्हणतो, नको, घरात सगळं शांत आहे ना एवढंच सांगा. आवाजबिवाज काही आला का म्हणून विचारत होता," तुमिनी म्हणाली. "नवरा आहे का पहारेकरी?"

"काळजी असते त्यांना."

तो परतला भर दुपारी, सर्दीनं नाक चोंदलेलं. फाटकात तिला बघून थबकलाच.

"तू?"

"मग कोण असणार? बायको आहे तुमची. उन्हानं दिसेनासं झालं का?"

"मेलाती?"

"छान आहे. उंदीर मात्र संपले. तीन आठवडे झाले, पोटात काही नाही तिच्या."

"मी सांगितलं तसंच केलंस? हातानं? आत जाऊन?"

"आत जाऊन. दार लावून." नजर चुकवायला तिनं त्याची पिशवी उचलली.

दर्सोनो पायरीवर बसला. "गरीब झाली की काय ही," स्वतःशीच पुटपुटला. मग म्हणाला, "आंघोळ करतो, दोन घास खातो आणि आत जाऊन बघतोच."

पिशवीत एक रेशमी झंपर निघाला. लस्मिनीनं घालून बघितला, तर खांद्यातच अडकला. सात आठवड्यांत माप विसरले, म्हणून तिला हसू आलं.

झंपर घडी करून ठेवताना मात्र तिच्या मनात आलं. मेलाती त्याला विसरली असली तर? आणि आपण हातानं भरवलं नाही, माणसाची सवय मोडली तिची. त्याला काही झालं तर आपल्या चोरीपायी होणार. न्हाणीत पाण्याचा आवाज चालू होता. तिनं उंदरांच्या रिकाम्या पिंजऱ्यातला ओंजळभर भुसा घेतला आणि त्याच्या धुतलेल्या शर्टाला चोळला. बाह्या, कॉलर, छाती, काही सोडलं नाही. झटकून शर्ट खुंटीला लावला. भात वाढून ठेवला, न्हाणीच्या दाराशी जाऊन "उंदीर घेऊन येते" म्हणाली आणि सायकलरिक्षात बसली.

बाजारात उंदीर विकणारे वागिमानकाका एकेक पांढरा उंदीर खोक्यात सोडत होते.

"खायला कोण घालतं?"

"मीच. कसंबसं घातलं बाई." आणि परक्यापाशी मन मोकळं करावं तसं तिनं सगळं सांगून टाकलं. मांडी, भुसा, बंद दार, पंधरा दिवस, आणि आपण केलेली चोरी.

काकांचा हात थांबला. "हे शिकवलं कुणी?"

"नवऱ्यानं. वीस वर्षं अजगर पाळतात ते."

"वीस वर्षं पाळणारा असं चुकून सांगत नाही, पोरी." काकांनी आवाज खाली आणला. "उंदराचा वास लागलेला माणूस त्या जनावराला माणूस वाटतच नाही. त्यात उपाशी ठेवून, दार लावून, एकटीनं. तू चोरी केलीस म्हणून आज इथं उभी आहेस."

लस्मिनीनं खोक्यातले उंदीर मोजले.

"वास शर्टाला असला तरी तेच का हो, काका?"

"शर्टाला काय नि कशाला काय. का? कुणी घातलाय?"

"त्यांनी. जेवले की आत जाणार आहेत."

काकांनी दुकान तसंच टाकलं, मोटरसायकल रस्त्यावर काढली आणि लाथ मारून चालू केली. "बस मागं. पाच मिनिटांत पोचवतो."

लस्मिनीनं खोकं दोन्ही हातांनी उचललं, पदरानं नीट झाकलं.

"नको, काका. गाडीवर उंदीर घाबरतील. मी आपली चालतच जाते."