यांत्रिक हाताचा चुडा

"हात दाबूनच बांगडी भरते मी, पण हा दबेल तर ना!" म्हणत कासारीणबाईंनी ऋजुताचा यांत्रिक डावा हात सोडला. नवरीचा चुडा एकाच हातात?

दिगंबरमामांनी मोबाइल काढला. कुठलंही ॲप उचकपाचक केल्याशिवाय मामांना घास गोड लागत नसे, घरचे हसायचे. ऋजुताचा हात चालवणारं ॲप त्यांच्याही मोबाइलवर होतं; त्यात अगदी तळाशी त्यांना हात खोक्यात भरण्यासाठी घडी करायची सोय सापडली. तळवा कळीसारखा मिटला. बायका बघतच राहिल्या.

अंगठ्याच्या बुडाशी बांगडी जराशी अडली. कासारीणबाई सवयीने म्हणाल्या, "दुखलं तर सांग गं, पोरी."

ऋजुता हळूच म्हणाली, "मामा, ॲपमध्ये या हाताचा स्पर्श मी शून्यावर ठेवलाय. पूर्ण वाढवा. आज दुखू दे."